पेशीला भोक पाडणारी प्रथिनं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी पणजीत अकरावी-बारावीला जीवशास्त्र शिकवते, राहायला चोडणला. खालचे काही प्रश्न वर्गातले आहेत, काही रायबंदरच्या फेरीबोटीत विचारलेले, तर काही रात्री अकराला व्हॉट्सअ‍ॅपवर रिपोर्टचा फोटो टाकून विचारलेले. दर वेळी नव्याने सांगण्यापेक्षा एकदाच लिहून ठेवलं. जसे आठवले तसे घेतलेत, पुस्तकातला क्रम शोधू नका.

टीचर, आपली प्रतिकारशक्ती जंतूला मारते म्हणजे नेमकं करते काय?

बरंच काही करते. गिळते, उपाशी ठेवते, विष घालते. त्यातलाच एक अगदी धसमुसळा प्रकार म्हणजे शत्रूच्या पेशीच्या आवरणाला सरळ भोक पाडायचं. हे काम काही ठरावीक प्रथिनं करतात. एरवी ती रक्तात किंवा पेशीच्या आतल्या कप्प्यात गपचूप असतात, विरघळलेली, निरुपद्रवी. खूण पटली की ती पेशीपटलावर उतरतात, एकमेकांना खेटून गोल करतात आणि त्या गोलाची पटलातून आरपार नळी होते. नळीतून पाणी, क्षार, कधी दुसरी प्रथिनं ये-जा करू लागतात. इथून पुढचं सगळं ह्याच वाक्याचा विस्तार आहे.

एवढंसं भोक पडल्याने पेशी मरते कशी?

हे मला फळ्यापेक्षा आमच्या खाजनाच्या बांधावर उभं राहून सांगायला आवडतं. खाजन शेती बघितली असेल तर तुम्हांला निम्मं उत्तर माहीतच आहे. एका बाजूला भरतीचं खारं पाणी, दुसऱ्या बाजूला कोरगुट भाताचं शेत, मध्ये मातीचा बांध. पाणी आत-बाहेर जायला एकच अधिकृत वाट, ती म्हणजे मानस. मानसाच्या फळ्या भरतीला आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात. सगळं शेत त्या शिस्तीवर जगतं.

पेशीचं तसंच. बाहेर सोडियम भरपूर, आत थोडं. पोटॅशियमचं नेमकं उलट. कॅल्शियमचा फरक तर अचाट आहे, बाहेर आतल्यापेक्षा साधारण दहा हजार पट जास्त. हा फरक टिकवायला पेशी रात्रंदिवस पंप चालवते आणि येण्या-जाण्यासाठी पटलात स्वतःचे मानस ठेवते. कुणी बांधालाच भगदाड पाडलं की मानस उघडा की बंद ह्याला अर्थ उरत नाही. सोडियम आत घुसतं, त्यामागून पाणी घुसतं, पेशी फुगते आणि फुटते. पाण्याआधी कॅल्शियम पोचलं तर तेही घातकच, कारण आतल्या कितीतरी यंत्रणा कॅल्शियमच्या इशाऱ्यावर चालतात आणि आता सगळे इशारे एकदम वाजू लागलेले असतात.

पण बांध फुटला म्हणजे शेत गेलंच असं नसतं. माणसं रात्री कंदील घेऊन जातात, चिखल आणि खोपं टाकून भगदाड बुजवतात. पेशीही हेच करते. आत आलेलं कॅल्शियम हाच तिचा धोक्याचा घंटानाद. भोक पडलेला पटलाचा तुकडा ती आत ओढून घेते, नाहीतर फुग्यासारखा बाहेर काढून टाकून देते. म्हणून केंद्रक असलेल्या पेशीला मारायला अशी बरीच भोकं लागतात. लाल रक्तपेशीकडे ही डागडुजीची यंत्रणा जवळजवळ नाहीच. तिला एक पुरतं.

हे काम करणारी प्रथिनं कोणती?

माणसात तीन नावं लक्षात ठेवा. पहिलं, रक्तातल्या कॉम्प्लिमेंट प्रथिनांचा (जंतू दिसला की साखळीसारखी एकामागोमाग जागी होणारी प्रथिनं) शेवटचा गट : सी५बी, सी६, सी७, सी८, सी९. ह्यांनी मिळून जे बनतं त्याला मेम्ब्रेन अटॅक कॉम्प्लेक्स म्हणतात, मराठीत पटलभेदी संकुल म्हणू. दुसरं, परफोरिन. ते मारेकरी टी पेशी आणि नॅचरल किलर पेशी ह्या पांढऱ्या रक्तपेशी वापरतात. तिसरं, गॅसडर्मिन. ते जरा वेगळ्या घराण्यातलं आणि वागायला विचित्र, त्याचं खाली सांगते. डिफेन्सिनसारखी छोटी प्रथिनंही पटल बिघडवतात, पण त्यांची तऱ्हा निराळी, इथे घेत नाही.

भोक पडतं कसं, ते एकेक पायरी सांगाल?

सांगते. हाच भाग मला सगळ्यांत सुंदर वाटतो, त्यामुळे लांबेल.

पेशीपटल म्हणजे चरबीच्या रेणूंचा दुहेरी थर. जाडी साधारण ५ नॅनोमीटर. थराचं पोट तेलकट. पाण्यात रमणारं प्रथिन त्या तेलात शिरू शकत नाही, आणि तेलात रमणारं प्रथिन रक्तात नीट तरंगू शकत नाही. ह्या प्रथिनांना मात्र दोन्ही करायचं असतं : आधी रक्तात फिरायचं, मग पटलात घुसायचं. त्यांची युक्ती अशी की तेलात शिरणारा भाग ती घडी घालून अंगातच दडवून ठेवतात.

जंतूच्या पृष्ठभागावर कॉम्प्लिमेंटची साखळी सुरू झाली की एका टप्प्यावर सी५ हे प्रथिन कापलं जातं. त्याचा मोठा तुकडा सी५बी. त्याला सी६ येऊन धरतं, मग सी७ चिकटतं. सी७ आल्यावर ह्या त्रिकुटाचं रूप पालटतं, अंगचा तेलकट भाग उघडा पडतो आणि ते पटलावर चिकटून बसतं. चौथं येतं सी८. पटलात पहिल्यांदा टोक खुपसतं ते हेच. मग सी९ येऊ लागतात, एकामागोमाग एक, प्रत्येक जण आधीच्याच्या कुशीला लागून. १८ सी९ लागले की गोल पुरा होतो.

प्रत्येक सदस्य आपल्या जागेवर बसला की पोटातली घडी उलगडतो. आधी स्प्रिंगसारख्या गुंडाळलेल्या त्या दोन पट्ट्या असतात, त्या सरळ होऊन दोन लांब चिमट्यांसारख्या पटलात उतरतात. एका चिमट्याचे दोन पाय, म्हणजे एका प्रथिनाचे चार. सी६, सी७, सी८ मधले दोन घटक आणि १८ सी९ मिळून २२ सदस्य. २२ चोक ८८. ह्या ८८ उभ्या पट्ट्या शेजारी शेजारी लागून पिंप तयार होतं, अगदी लाकडी पिंपाच्या फळ्या लागतात तसं. शास्त्रज्ञही त्याला बीटा-पिंपच म्हणतात. पिंपाची बाहेरची बाजू तेलकट, ती पटलाच्या तेलात खूश. आतली बाजू पाण्याला मानवणारी. त्यामुळे मधला चरबीचा थर बाजूला सरतो आणि पाण्याला मोकळी वाट मिळते.

वर्गात एक जण हमखास विचारतो : सी९ रक्तात असतंच, मग ती आपापसांत जुळून रक्तातच पिंपं का करत नाहीत? बरोबर शंका आहे. सी९ च्या अंगावर एक तुकडा अडसरासारखा बसलेला असतो, तो दुसऱ्या सी९ ला शेजारी बसू देत नाही. पटलावरच्या संकुलात जागा मिळाल्यावरच हा अडसर सरकतो आणि पुढच्याला वाट होते. तरीही पटल न सापडलेली अर्धवट संकुलं रक्तात भटकतात. त्यांना धरून ठेवायला क्लस्टरिन आणि व्हिट्रोनेक्टिन ही दोन प्रथिनं फिरत असतात.

परफोरिनची रीत थोडी निराळी. त्याला सी५बी-सी६ सारखी पायाभरणी लागत नाही, ते एकटंच सगळं करतं. कॅल्शियम मिळालं की ते पटलाला चिकटतं, आधी दोन-चार-सहाच्या सैल टोळ्या करतं, मग टोळ्या पटलात उतरतात आणि एकमेकींना जोडल्या जातात. गोल पुरा व्हायलाच हवा असंही नाही. कमानीसारखा अर्धा गोलही पाणी गळायला पुरतो.

हे भोक केवढं असतं?

पटलभेदी संकुलाचं आतलं तोंड ११ नॅनोमीटरच्या आसपास. परफोरिनचं १३ ते २०. गॅसडर्मिन डी चं २१-२२. नॅनोमीटर म्हटलं की डोळ्यांसमोर काहीच येत नाही, म्हणून हिशेब करून बघा. लाल रक्तपेशीचा व्यास साडेसात मायक्रोमीटर धरा. ती पेशी २० मीटर लांबीची होडी असती, तर पटलभेदी संकुलाचं भोक सुमारे ३ सेंटीमीटरचं निघालं असतं. एक छोटं लिंबू जाईल एवढं. २० मीटरच्या होडीला लिंबाएवढं भोक पडलं आणि बुजवणारा कुणी नसला, तर होडीचं काय होतं ते मांडवीकाठच्या माणसाला सांगायला नको.

हे कुणी शोधलं? दिसलं कसं?

सुरुवात पटकीच्या जंतूपासून झाली. १८९४ मध्ये रिचर्ड फायफर ह्यांनी पाहिलं की रोगाला सरावलेल्या गिनीपिगच्या पोटात सोडलेले पटकीचे जंतू विरघळून जातात. पुढच्याच वर्षी पॅरिसच्या पाश्चर संस्थेत ज्यूल बोर्दे ह्या पंचविशीतल्या बेल्जियन डॉक्टरने त्याची फोड केली. सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर सुटणारं पिवळसर पाणी, ५५-५६ अंशांपर्यंत तापवलं की त्याची मारक शक्ती जाते. त्यात न तापवलेलं ताजं सिरम थोडं घातलं, अगदी कधीच आजारी न पडलेल्या प्राण्याचं का असेना, की शक्ती परत येते. म्हणजे गोष्टी दोन आहेत. एक उष्णता सोसणारी, ती आज आपण अँटीबॉडी म्हणतो ती. दुसरी नाजूक, सगळ्यांच्याच रक्तात असणारी. तिला पुढे पाऊल एर्लिख ह्यांनी कॉम्प्लिमेंट हे नाव दिलं. बोर्देंना १९१९ चं नोबेल मिळालं.

ही दुसरी गोष्ट किती नाजूक आहे ते मी स्वतःच्या हाताने शिकले. एम.एस्सी.ला असताना मेंढीच्या लाल पेशींवर सिरमची ताकद मोजायचा प्रयोग होता. मी सकाळी सिरम बाहेर काढलं, पेशी धुवायला घेतल्या, मध्येच जेवायला गेले. मे महिना, त्यात वीज गेलेली. चार तासांनी नळ्या लावल्या तर एकही नीट फुटेना. पेशी तशाच तळाशी लाल टिकली होऊन बसलेल्या. आमच्या सरांनी नळ्या उजेडात धरल्या आणि म्हणाले, "छान. बोर्देचा प्रयोग केलास, फक्त ठरवून नव्हे." त्यानंतर सिरम बर्फातून बाहेर काढते ते अगदी शेवटी.

भोक प्रत्यक्ष दिसायला मात्र १९६४ उजाडलं. बोर्सोस, दूर्मश्किन आणि हम्फ्री ह्यांनी फुटलेल्या लाल पेशींचे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली फोटो काढले. पटलावर गोल गोल कडी, मध्ये काळा ठिपका. १९७२ मध्ये मॅनफ्रेड मायर ह्यांनी डोनटची कल्पना मांडली : प्रथिनं कड्यासारखी जुळतात आणि मधली जागा हेच भोक. डोनट आपल्याकडे उशिरा आला, मी मुलांना पोदेराचं, म्हणजे आमच्या पाववाल्याचं, काकण सांगते. सायकलीवरच्या टोपलीतलं ते कडक गोल काकण, मध्ये बोट जाईल एवढी पोकळी. मायर ह्यांचं म्हणणं बरोबर निघालं. २०१६ मध्ये अतिशीत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाने संकुलाची रचना दिसली, तेव्हा ते काकण पूर्ण मिटलेलंही नव्हतं. दोन टोकं एकमेकांशी किंचित चुकलेली, स्प्रिंग वॉशरसारखी. पहिला सदस्य जिथे बसला आणि शेवटचा जिथे आला, तिथे सांधा थोडा वर-खाली राहतो.

मारेकरी पेशी दुसऱ्या पेशीला चिकटून परफोरिन सोडते. मग स्वतः का मरत नाही?

माझ्या मते ह्या सगळ्या विषयातला सर्वांत चांगला प्रश्न हा. भोक पाडणं ही अवघड गोष्ट नाहीच. कित्येक जंतूंनाही ते येतं. अवघड आहे ते फक्त समोरच्यालाच पाडणं.

पहिली खबरदारी साठवणुकीची. परफोरिन पेशीच्या आत छोट्या पिशव्यांमध्ये असतं. तिथे आम्ल असतं आणि मोकळं कॅल्शियम जवळजवळ नसतं. कॅल्शियमशिवाय परफोरिन पटलाला चिकटत नाही. काडेपेटी आहे, पण काडी ओली. पिशवी फुटून बाहेर आलं की आम्ल जातं, कॅल्शियम भेटतं आणि काडी पेटते.

दुसरी खबरदारी दिशेची. मारेकरी पेशी शिकारीला घट्ट भिडते, मधली फट गॅस्केट लावल्यासारखी बंद करते आणि पिशव्या त्याच फटीत रित्या करते. पण त्या फटीची एक भिंत तिची स्वतःची आहे. इथे तिसरी खबरदारी : मारेकरी पेशीच्या त्या बाजूच्या पटलात चरबीचे रेणू फार दाटीवाटीने, शिस्तीत बसलेले असतात, त्यात परफोरिनला शिरकाव मिळत नाही. शिवाय तिथे फॉस्फॅटिडिलसेरीन नावाची चरबी बाहेरच्या बाजूला येते. तिला परफोरिन चिकटतं खरं, पण त्याचं भोक होत नाही.

आणि परफोरिनचं भोक हे मुळात फोडायला नसून आत माणूस पाठवायला असतं. माणूस म्हणजे ग्रॅन्झाइम. परफोरिनची वाट मिळताच तीस-एक सेकंदांत ग्रॅन्झाइम शिकारीत शिरतात. मिनिट-दीड मिनिटात शिकार भोक बुजवते, पण तोवर उशीर झालेला असतो. ग्रॅन्झाइम आतली प्रथिनं कापून पेशीला आत्मनाशाच्या मार्गाला लावतात. पेशी फुटत नाही, आवरून-सावरून मरते, आजूबाजूला घाण न करता.

ज्यांना परफोरिन जन्मतःच नीट बनत नाही, त्यांचं काय होतं बघा. १९९९ मध्ये लक्षात आलं की लहान मुलांच्या एका जीवघेण्या आजारात परफोरिनच्या जनुकात बिघाड असतो. मारेकरी पेशी शिकारीला चिकटते, पण मारू शकत नाही, म्हणून सुटतही नाही, आणि सारखी मदतीची हाक मारत राहते. त्या हाकांनी बाकीच्या पेशी इतक्या खवळतात की मूल तापाने आणि सुजलेल्या यकृत-प्लीहेने खंगतं. आई आणि वडील दोघांकडून बिघडलेली प्रत आली तरच हा आजार होतो, त्यामुळे जवळच्या नात्यातल्या लग्नांत त्याची शक्यता वाढते. अस्थिमज्जा बदलणं हा त्यावरचा टिकाऊ इलाज.

कॉम्प्लिमेंट रक्तातच असतं, तर आपल्या रक्तपेशींना भोकं का पडत नाहीत?

पडायला जातात, पण प्रत्येक पेशीवर राखणदार असतो. सीडी५९ नावाचं छोटं प्रथिन पेशीच्या बाहेरच्या अंगाला चरबीच्या दोरीने बांधलेलं असतं. सी८ चिमटे खुपसायला लागलं की ते चिमटे वाकवतं आणि सी९ ची रांग लागू देत नाही. जंतूंकडे हा राखणदार नाही.

राखणदार गेला तर काय होतं हे दाखवणारा आजार आहे. नाव लांबलचक, पीएनएच म्हणून ओळखतात. अस्थिमज्जेतल्या एखाद्या मूळ पेशीत पिगा नावाचं जनुक बिघडतं, ती चरबीची दोरीच बनेनाशी होते आणि त्या पेशीपासून निघालेल्या सगळ्या लाल पेशी सीडी५९ शिवाय जन्मतात. मग स्वतःचंच कॉम्प्लिमेंट त्यांना फोडतं. फुटलेल्या पेशींतलं हिमोग्लोबिन लघवीतून येतं, सकाळची पहिली लघवी काळसर लाल दिसते. २००७ मध्ये अमेरिकेत एकुलिझुमॅब ह्या औषधाला मंजुरी मिळाली. ते सी५ ला धरतं, म्हणजे पहिला तुकडाच पडू देत नाही. औषध फार महाग आहे. आणि ते सुरू करण्याआधी मेनिंगोकॉकस ह्या मेंदूज्वराच्या जंतूची लस द्यावी लागते, कारण हा जंतू आटोक्यात ठेवायला शरीर ह्याच भोकांवर अवलंबून असतं. ज्यांच्यात सी५ ते सी९ पैकी एखादं जन्मतः नसतं, त्यांना हाच संसर्ग पुन्हा पुन्हा होताना दिसतो.

चुकीच्या गटाचं रक्त चढवलं तर होणारा अनर्थही ह्याच वाटेने. गट न जुळणाऱ्या पेशींवर अँटीबॉडी इतक्या दाटीने बसतात आणि कॉम्प्लिमेंट इतक्या जोराने सुटतं की राखणदार कमी पडतात. रक्तपेढीत क्रॉसमॅचला, म्हणजे रक्त जुळवून बघायला, वेळ लागतो म्हणून वैतागू नका.

पावसात शेतात उतरलेल्यांना लेप्टो होतो. त्या जंतूला ही भोकं पडत नाहीत का?

हा प्रश्न फेरीबोटीत एका मावशींनी विचारला, पायाला चिखल तसाच. लेप्टो म्हणजे लेप्टोस्पायरोसिस, उंदराच्या मुतातून पाण्यात आलेल्या लेप्टोस्पायरा जंतूचा ताप. पाण्यात राहणाऱ्या निरुपद्रवी लेप्टोस्पायरा जाती माणसाच्या ताज्या सिरममध्ये लगेच मरतात. रोग करणाऱ्या जाती मात्र तग धरतात. त्यांनी चलाखी केली आहे. आपल्या रक्तात फॅक्टर एच नावाचं प्रथिन असतं, ज्याचं काम "ही आपली पेशी, हिला हात लावू नका" असं कॉम्प्लिमेंटला सांगणं. हे जंतू तेच प्रथिन पकडून स्वतःच्या अंगाला लावून घेतात. चोराने पोलिसाचा गणवेश घातला म्हणा.

दुसरे काही जंतू मुळातच जाड भिंतीचे असतात. ग्रॅम पॉझिटिव्ह जंतूंची भिंत इतकी जाड की संकुल आतल्या पटलापर्यंत पोचतच नाही. त्यांच्यासाठी शरीर गिळण्याचा मार्ग धरतं. फायफर आणि बोर्दे ह्यांच्या हाती पटकीचा जंतू आला हे नशीबच. तो पातळ भिंतीचा, ग्रॅम निगेटिव्ह. दुसरा कुठला घेतला असता तर काहीच दिसलं नसतं.

मावशींना मी शेवटी एवढंच सांगितलं : उंदीर फिरलेल्या पाण्यात काम केल्यावर ताप आला, पोटऱ्या दुखल्या, तर घरी काढत बसू नका. डॉक्टरला शेताचं आधी सांगा, तापाचं मग.

गॅसडर्मिनचं विचित्र काय?

ते आपल्याच पेशीला आतून भोक पाडतं.

पेशीत जंतू शिरला आणि आतल्या पहारेकऱ्यांना कळलं की कॅस्पेज नावाची कात्री जागी होते. गॅसडर्मिन डी चे दोन भाग असतात : एक भोक पाडणारा, दुसरा त्याला दाबून धरणारा. कात्री मधोमध चालते, पहिला भाग सुटतो, पटलाच्या आतल्या अंगाला चिकटतो आणि ३३ जणांचं कडं करतो. ही कात्री आणि गॅसडर्मिन ह्यांची गाठ २०१५ मध्ये कळली, म्हणजे बोर्देंच्या मानाने कालची गोष्ट. त्या भोकातून इंटरल्यूकिन-१ हे धोक्याची वर्दी देणारं प्रथिन बाहेर पडतं आणि सगळ्या शरीराला ताप चढतो. घराला आग लावून गावाला जागं करण्यातला प्रकार. ह्या मरणाला पायरोप्टोसिस म्हणतात, त्यातला "पायरो" म्हणजे आगच.

रिपोर्टमध्ये सी३ आणि सी४ कमी आहेत. म्हणजे भोकं पडत नाहीत असं समजायचं?

नाही. सी३, सी४ ही साखळीची आधीची कडी. ती कमी दिसली तर बहुतेकदा अर्थ असा की ती कुठेतरी भरमसाट खर्च होत आहेत, उदाहरणार्थ ल्युपसमध्ये, जिथे साखळी आपल्याच ऊतींवर चालू राहते. कमी म्हणजे काम बंद नव्हे, उलट काम जास्त, असंही असू शकतं. कॉम्प्लिमेंट मुख्यतः यकृतात बनतं, त्यामुळे यकृत थकलं असेल तरी आकडे खाली येतात. अख्खी साखळी शेवटपर्यंत चालते का हे बघायला सीएच५० ही वेगळी तपासणी असते, तीच ती मेंढीच्या पेशींची. आणि कृपा करून फोटो मला पाठवू नका, मी शिक्षिका आहे. ज्यांनी तपासणी लिहून दिली त्यांनाच दाखवा.

काढा घेतल्याने ही प्रथिनं वाढतात का?

काढा प्या, पावसात बरा लागतो. पण वाढवण्याची इच्छा कशाला? वर वाचलंत ना, जास्त झाल्यावर काय होतं ते.

अळमीत (अळंबीत) असलीच प्रथिनं असतात असं कुठेतरी वाचलं. खायची की नाही?

आपली वारुळावरची पावसाळी अळमी नव्हे, धिंगरी. प्लास्टिकच्या पिशवीत वाढवतात ती. तिच्यात प्लुरोटोलायसिन नावाचं दोन भागांचं प्रथिन असतं आणि त्याचा एक भाग परफोरिनच्या घराण्यातला आहे. १३ सदस्यांचं कडं करतं. शिजवल्यावर प्रथिनाची घडी मोडते, काही होत नाही. खा.

ही सोयरीक मात्र नवलाची आहे. २००७ मध्ये प्रथिनांच्या त्रिमित रचना ताडून पाहिल्या तेव्हा कळलं की परफोरिन, सी८ आणि घसा दुखवणाऱ्या स्ट्रेप्टोकॉकससारख्या जंतूंची विषं एकाच साच्यातली आहेत. अमिनो आम्लांचा क्रम बघितला तर काही साम्य दिसत नाही, आकार बघितला तर सख्खी भावंडं. हिवतापाच्या परोपजीवीतही ह्या घराण्यातली प्रथिनं आहेत, पेशींना भेदून ये-जा करायला तो ती वापरतो. ज्या हत्याराने जंतू आपल्याला मारतात, त्याच घडणीचं हत्यार आपण त्यांच्यावर चालवतो. कुणी कुणाकडून घेतलं की दोघांचा पणजोबा एक, ह्यावर बारावीच्या पोरांत एकदा तासभर भांडण झालं होतं. घंटा झाल्याचंही कुणाला कळलं नाही.

कॅन्सरच्या उपचारात ह्याचा उपयोग होतो?

होतो, आणि वाढतो आहे. रिटुक्सिमॅबसारखी अँटीबॉडी कर्करोगाच्या बी पेशींवर बसते आणि कॉम्प्लिमेंटला बोलावते, त्यातून काही पेशींना भोकं पडून त्या मरतात. कार-टी उपचारात रुग्णाच्याच टी पेशींना नवी ओळख शिकवून परत सोडतात. शिकार ओळखल्यावर त्या मुख्यतः जे हत्यार चालवतात ते तेच, परफोरिन आणि ग्रॅन्झाइम. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल ह्यांच्या कामातून उभ्या राहिलेल्या नेक्सकार१९ ह्या कार-टी उपचाराला २०२३ मध्ये भारतात मंजुरी मिळाली. कर्करोगाच्या पेशीही हुशार. कित्येक जणी अंगावर सीडी५९ वाढवून घेतात.

बोर्डाला एवढं लिहावं लागतं?

नाही. चार ओळी पुरतात. ८८ पट्ट्या लिहिल्यात तर तपासणारा खूश होईल की गोंधळेल, सांगता येत नाही.

हे आम्हांला स्वतः बघता येईल?

भोक दिसणार नाही, त्याला इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकच हवा. फुटणं मात्र दिसतं. शाळेत मी असं करते. मटणाच्या दुकानातून सोडियम सायट्रेट घातलेल्या बाटलीत बकऱ्याचं ताजं रक्त आणायचं. हातमोजे घालायचेच. दोन नळ्या घ्यायच्या. एकीत ०.९ टक्के मिठाचं पाणी, दुसरीत साधं नळाचं. दोन्हींत रक्ताचे दोन-दोन थेंब टाकून हलकेच हलवायचं. दुसऱ्या नळीत पेशीला भोक नाही, नुसतं पाणीच जास्त झालेलं असतं, पण शेवट तोच : फुगते आणि फुटते.

नळ्यांमागे वर्तमानपत्र धरा. मिठाच्या पाण्याची नळी सोलकढीसारखी गढूळ राहते, मागचं एक अक्षर दिसत नाही, कारण अखंड पेशी उजेड अडवतात. नळाच्या पाण्याची नळी मिनिटाभरात कोकम सरबतासारखी नितळ लाल होते आणि तिच्यातून मथळाच काय, खालचा फेरीबोटीच्या वेळापत्रकाचा बारीक टाइपही वाचता येतो.